जबडा बरा, पण वाळप्पळम तेच!

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आजची मोठी बातमी लिहितोय: माझं तोंड उघडलं!

कालव्याच्या बांधावर सायकलवरून पडून जबडा मोडला, तेव्हापासून दात तारेनं बांधलेले होते. नुसत्या कांजीवर जगलो. आज इथल्या तमिळ डॉक्टरांनी तारा काढल्या आणि जबडा-जीभ नीट वळतात का ते बघायला म्हणाले, "केळ्याला तमिळमध्ये काय म्हणतात, बोलून दाखवा."

"वाळप्पळम," मी म्हणालो. जीभ मागे वळवून म्हणायचं ते तमिळ अक्षर साधा ळ होऊन बाहेर पडलं.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "जबडा आखडलाय अजून."

"छे हो!" बायको हसली. "लग्न झाल्यापासून हे असंच म्हणतात. आम्ही मराठी ना!"

मग काय, जबडा पास! मऊच खायचंय, म्हणून दवाखान्याच्या दारातच केळं सोललं.

तुमच्यापैकी कोण नीट म्हणतं? समोर येऊन म्हणा, केळं माझ्याकडून!