पायाळू कोन हाय?

हे माझ्या मायला सोडून कुणालाच ठाऊक न्हवतं, आन् माय जाऊन जमाना झाला. नवऱ्याला सांगितलं न्हाई. लेकीला न्हाई. औंढ्याला नागनाथापुढं हात जोडून उभी राहिले — तिथंबी तोंड उघडलं न्हाई. मंग तुमाला काहून सांगून राहिले? तुमी माझ्या गावचे न्हाईत, म्हणून असंल.

मी पायाळू हाय.

हसू नका. आता कुणी इचारत न्हाई. पण तवा, निजामाचं राज होतं तवा, पोरगी डोक्याकडून जन्मली का पायाकडून याची चौकशी व्हायची. पायाकडून आली ती पायाळू. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूनं पाय लावायचा, म्हणजे उसण जाते म्हणायचे. तिथवर ठीक. पण वीज पायाळूलाच हुडकत येते, असंबी म्हणायचे. आभाळ गरजायला लागलं की तिला कुणी जवळ बसू देत न्हवतं. सासरी धाडताना मायनं माझी हनुवटी धरली, म्हणाली, हे पोटातच ठेव. ठेवलं. एवढंच असतं तर तुमाला काय त्याचं?

माझी धाकली जाऊ धुरपता. कळमनुरीकडची, मामाच्या घरी वाढलेली. आमी दोघी एकाच जात्यावर दळायचो. ती मला आक्का म्हणायची. एकदा दळता दळता बोलली — तिची माय तिच्याच बाळंतपणात गेली, म्हणून मामी तिला अवदसा म्हणायची. हे तिनं फकस्त मला सांगितलं होतं.

त्या साली होळी जवळ आलेली. कयाधूच्या काठच्या शेतात आमी बाया गहू काढून राहिलो होतो. दुपारीच अंधारून आलं. शेतातल्या छपराला आमच्याकडं आखाडा म्हणतात — त्या आखाड्यात आमी सगळ्या घुसलो, आन् गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या! लोखंड टाकलं की गारा थांबतात म्हणून सासूनं सगळ्यांचे विळे बाहेर फेकायला लावले. कशाच्या थांबतात? समोर बांधावरच्या बाभळीवर वीज पडली, झाड उभं फाटलं. बाया एकमेकींना धरून रडायला लागल्या. तवा सासू म्हणाली, “पायाळू कोन हाय तुमच्यात? खरं सांगा.”

सासूची नजर एकेकीवरून सरकत माझ्याकडं येऊन राहिली होती. मला गप बसता आलं असतं. गप बसले असते तरी निभलं असतं बहुतेक. पण मी म्हणाले, “धुरपताची माय तिच्या बाळंतपणात गेली म्हणं.”

बस, एवढंच. यात खोटं काय होतं? एक शबुद खोटा न्हवता — आन् तेच मला आजवर गिळता आलं न्हाई. बाया काय समजायचं ते समजल्या. अडली असंल, पाय आधी आले असतील — पुढचं त्यांनीच जोडलं. धुरपताला आपला जन्म कुठून ठाऊक असणार? तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं न्हाई हो. खरंच का आक्का, असं इचारल्यावाणी. मी खाली बघितलं. मंग ती आपणहून उठली, डोक्यावर गोणपाट घेतलं आन् भर गारात बाहेर जाऊन बसली.

पुन्हा वीज पडली न्हाई. सासू म्हणाली, पाहा, ती गेली आन् वीजबी गेली. झालं! गावभर तेच. गोणपाट धरलेल्या तिच्या डाव्या हाताची करंगळी गारेनं मोडली, ती वाकडीच राहिली. पुढं ती भाकर थापायची तवा त्या बोटाचा दाब भाकरीवर उमटायचा. ती भाकर मी रोज खाल्ली.

एका दिवसावर भागलं असतं तरी... पण तिनं ते खरं मानलं. आभाळ गरजलं की ती पोरगं माझ्याकडं द्यायची, म्हणायची, “लेकराला घ्या आक्का, मी बाहीर जाते.” आन् गोठ्याच्या पलीकडं उघड्यावर जाऊन बसायची, घर वाचावं म्हणून. वीज खरंच पायाळूला हुडकत असती तर तिनं आपलं लेकरू कुणाच्या मांडीवर ठेवलं होतं — सांगा? आन् मला काय वाटायचं म्हणता? बरं वाटायचं. मी कोरडी होते.

निजाम गेला त्या साली माझ्या पाठीत उसण भरली. सासू म्हणाली, घरातच पायाळू हाय, दुसरीकडं काहून जायचं? मी पालथी निजले. धुरपतानं पाय धुतला, पदरानं पुसला आन् हळूच माझ्या कमरेला लावला. “बरं वाटून राहिलं का आक्का?” मी व्हय म्हणाले. खोलीत आमी दोघीच होतो. तवा सांगता आलं असतं.

आता रेडिओवर सांगतात — विजा चमकत असतील तर उघड्यावर बसू नका, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. माणूस कसं जन्मलं ते कुणी इचारत न्हाई. पहिल्यांदा ऐकलं तवा मी रेडिओ बंद केला. धुरपता ते ऐकायला राहिली न्हवती. म्हातारपणी खोकल्यानं गेली. वीज कधी तिच्या वाटेला गेली न्हाई, पण आभाळ गरजलं की शेवटपर्यंत काठी टेकत ओटा उतरून उघड्यावर जायची.

घरात मी एकटीच हाय. परवा गारा झाल्या, पत्रा नुसता वाजत होता. वाटलं, आपण एकदा तरी बाहेर जाऊन बसावं. उठले. दारापर्यंत गेले. आन् दार लावून घेतलं.