आठ फुटी काठी

माझं दुकान बंदराच्या रस्त्यावर आहे. गळ, दोरा, शिसं आणि गळाच्या काठ्या विकतो. गिऱ्हाईकाला चार गोष्टी सुनावल्याशिवाय मला काठी विकता येत नाही, हा माझा जुना आजार. पण शिंपीमामांपुढे माझं काही चालेना. चार महिन्यांत त्यांनी तीन काठ्या नेल्या. बारा फुटी, मग तेरा, मग चौदा. प्रत्येक काठी गळ्यातल्या टेपने मोजून घेतली. तक्रार दर वेळी तीच: मासा धक्क्यापर्यंत येतो आणि सुटतो, म्हणजे काठी तोकडी.

त्यांचं आयुष्य कापडात गेलं. जास्तीचं आत दुमडता येतं, कमी पडलं की कपाळाला हात, हा त्यांचा ठोकताळा. तोच त्यांनी काठीला लावला. आणि मी शहाणा, काठीमागून काठी विकत राहिलो.

पंधरा फुटी मागायला आले तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं. म्हटलं, उद्या दुकानाला सुट्टी आहे, तुमचा मासा सुटतो तरी कसा ते बघतोच.

सकाळी गेलो तर मामा धक्क्याच्या खालच्या पायरीवर उभे. डावीकडे एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी ठेवलेली, तिथे लांब दांड्याची जाळी आडवी पडलेली. तासाभराने मासा लागला. मामांनी तो झकास ओढत आणला, चौदा फुटी काठी दोन्ही हातांनी उचलून धरली, मासा जाळीच्या बाजूला वळवला आणि थांबले. नुसते थांबले. माशाने दोन हिसके दिले आणि गेला.

"बघितलंत?" ते म्हणाले. "पुरत नाही."

मामी जाऊन सहा महिने झाले होते, हे मला माहीत होतं. त्याचा काठीशी संबंध असेल हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. तीस वर्षं मामा ओढायचे आणि मामी जाळी घालायच्या. मासा आत पडला की मामी म्हणायच्या, 'घ्या खाली', आणि मगच मामा काठी उतरवायचे. अख्ख्या धक्क्याला ते पाठ होतं. मला स्वतःची लाज वाटली.

मी म्हटलं, "मामा, एकट्या माणसाला आठ फुटी काठी बरी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात जाळी. भरतीला मासा पायरीपाशी येतोच, लांब फेकायची गरज नाही."

"आठ फुटी घेतली म्हणजे ही जागा रिकामीच राहणार, हे मी कबूल केलं," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आठ फुटी नेली. या वेळी टेप लावला नाही. दोन दिवसांनी परत आले. मासा मिळाला, हातभर होता, एकट्याने काढला, असं सांगितलं. मी खूश झालो आणि विचारलं, मग चेहरा असा का पडलाय?

"जाळीत आला मासा," मामा म्हणाले. "मी काठी वरच धरून उभा. हात भरून आला तेव्हा कळलं, कोणी सांगणार नाहीये. मग मीच म्हणालो, घ्या खाली."