रेघोबाची दोरी

क्लबचा खरा मालक रेघोबाच आहे, अशी कुजबूज आमच्याकडे बरीच वर्षं चालली होती. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेला माणूस आरशातून शेजारच्याला सांगायचा, "बाकीचे सगळे नावाला हो. कागद म्हाताऱ्याच्या ट्रंकेत आहेत." एकाने तर ती ट्रंक डोळ्यांनी पाहिली होती म्हणे. रंगही सांगायचा, दर वेळी वेगळा. मी क्लबच्या तिकीट-खिडकीत सव्वीस वर्षं काढलेली, त्यामुळे लोक खातरजमा करायला माझ्याकडे यायचे. मी नुसता हसायचो. हसल्याने अफवा बाळसं धरते हे मला ठाऊक होतं, पण म्हाताऱ्या माणसाला काही करमणूक नको का?

रेघोबा म्हणजे मैदान राखणारा. गवत कापायचं, पाणी द्यायचं आणि सामन्याच्या दिवशी पांढऱ्या रेघा आखायच्या. एकतीस वर्षं एक डोळा मिटून रेघा बघितल्यामुळे त्याचा डावा डोळा कायमचा बारीक झाला होता. नवीन माणसाला वाटायचं, हा आपल्याला डोळा मारतोय. वाकडं त्याला सहनच व्हायचं नाही. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात भेटायला आला, तर तब्येत विचारायच्या आधी त्याने पलंग भिंतीला समांतर केला. मी पलंगावर असताना!

मालकांची गोष्ट वेगळी. नळांचा कारखाना असलेले नळवाले आणि त्यांचा सख्खा मेहुणा, दोघांनी मिळून क्लब घेतला आणि वर्षाच्या आत एकमेकांची तोंडं बघेनासे झाले. मग क्लबात सगळंच जोडीने सुरू झालं. दोन कोच आले, दोन शिक्के आले. खेळाडू सोमवारी निळा शर्ट घालायचे, मंगळवारी हिरवा. गोलकीपर बिचारा दोन्ही शर्ट एकावर एक घालून यायचा आणि कोण आलंय ते बघून वरचा काढायचा. ऑफिसात एकाच टेबलाला समोरासमोर दोन खुर्च्या होत्या, आणि शिपाई दोघांना एकमेकांचे निरोप सांगायचा. माणसं हातभर अंतरावर बसलेली!

या गोंधळाची फिल्म करायला एक बाई कॅमेरेवाल्यांना घेऊन आली. पडद्यामागची खरी गोष्ट, असं ती म्हणायची. तिला मालक हवे होते. दोन महिने ती त्यांच्या मागे फिरली, आणि या दोन महिन्यांत रेघोबाशी तिचं बोलणं एवढंच झालं, "काका, जरा बाजूला व्हा ना."

मोसमातल्या शेवटच्या सामन्याच्या दिवशी कळस झाला. मेहुण्याच्या कोचला मैदान रुंद हवं होतं, नळवाल्यांच्या कोचला अरुंद. आदल्या दिवशी मेहुण्याने आपली माणसं घालून रुंद रेघा मारून घेतल्या. सकाळी नळवाल्यांनी पाइप लावून त्या धुवून टाकल्या. दुसऱ्याने पुन्हा आखू नये म्हणून दोघांनीही सामानाच्या खोलीला आपापलं कुलूप ठोकलं, आणि आपण आधी उघडायचं नाही, यावर दोघं अडून बसले. आत मोजायची टेप, रेघा मारायची गाडी, सगळं. बाहेर गवतावर नुसता पांढरा चिखल. चाकांवरचे गोलपोस्टसुद्धा कोणीतरी कुठेतरी ढकललेले.

अकरा वाजले होते. दोनला लीगचे तपासनीस येणार होते. मैदान मापात नसेल तर सामना रद्द, आणि आमचा क्लब लीगमधून बाहेर. तशा ताकिदीचं पत्र आधीच आलेलं होतं. एकतीस वर्षांत मैदानापायी एकही सामना अडला नव्हता. रेघोबा त्या चिखलाकडे बघत उभा होता. 

मग त्याने माझ्या खिडकीतून घरी फोन लावला.

"अगं, दोरी घेऊन ये."

पलीकडून त्याच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "दोरीवर कपडे आहेत. ओले."

"उतरव."

"तुमच्या चादरी आहेत, दोन. आणि ठेवू कुठे, डोक्यावर?"

"अगं, क्लब हातचा चाललाय."

पलीकडे टोपली ओढल्याचा आवाज आला. मग, "आले."

ती दोरी मला माहीत होती. लग्नानंतर काकूंनी कपडे वाळत घालायला आणलेली, अंगणात तीन वेढे होतील एवढी लांब. तेव्हा क्लबात टेप नव्हती, म्हणून रेघोबाने तिच्यावर दर दोन मीटरला लाल दोऱ्याच्या गाठी मारल्या. बारा भाग. तेव्हापासून काकू रोज कुरकुर करायच्या की, कपडे गाठीपाशी गोळा होतात, बाह्यांना सुरकुत्या पडतात. पण गाठी त्यांनी सोडल्या नाहीत, आणि सामन्याच्या दिवशी दोरीचं दुसरं टोकही त्यांनीच धरलं, गुडघे दुखायला लागेपर्यंत.

काकू रिक्षातून उतरल्या. रेघोबा दोरीला हात घालणार, तर त्यांनी ती मागे ओढली.

"ओली आहे."

"असू दे, वेळ नाही."

"ओली दोरी आखडते. तुम्ही मोजायचात महिन्यातून दोनदा, मी रोज बांधते. वाळल्यावर सैल पडून चादर जमिनीला लागते ती कोणाची? मैदान वीतभर कमी भरेल."

रेघोबाने हात मागे घेतला. मग दोघांनी मिळून दोरी स्टँडच्या कठड्यावर उन्हात पसरली आणि खाली पायरीवर शेजारी शेजारी जाऊन बसली. सगळा क्लब कपाळावर हात मारत फिरत होता. ही दोघं दोरी वाळायची वाट बघत होती. पाऊण तास! फिल्मवाल्या बाईने कॅमेरा मालकांवरून काढून त्यांच्यावर लावला, तो तेव्हा.

काकूंनी दोरी गालाला लावून पाहिली आणि मान हलवली. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितो. नाहीतर मीच विश्वास ठेवला नसता. स्टँडच्या पहिल्या पायरीपासून अकरा पावलं मोजून रेघोबाने खुंटी ठोकली. तीन भाग इकडे, चार तिकडे, पाच तिरपे. दोरी ताणली आणि कोपरा काटकोनात बसला. लांबी चार दोऱ्या आणि साडेचार भाग. रुंदी दोन दोऱ्या आणि दहा भाग. रुंद नाही, अरुंद नाही, जेवढी असायची तेवढी. तो गवतावर पालथा पडायचा, डोळा मिटायचा आणि लांबून ओरडायचा, "डावीकडे, अर्धं बोट!" रंगाच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून त्यातून शेजारच्या बांधकामावरून आणलेला चुना झटकत चालला, आणि मागे रेघ अशी उमटली, जणू ती तिथे आधीच होती.

एवढ्यात दोन्ही मालक शिपायाला मध्ये घालून भांडत मैदानात शिरले.

"साहेब, बूट," रेघोबा मान वर न करता म्हणाला.

दोघांनी बूट काढले. काकूंना गुडघ्यामुळे चार कोपरे फिरणं जमेना. त्या नळवाल्यांना म्हणाल्या, "नुसतेच उभे आहात तर हे टोक धरा. आणि तुम्ही हो, मेहुणे, तिकडे जा."

क्लबचे दोन मालक अनवाणी, दोरीची दोन टोकं धरून.

"भावजी, ओढू नका!"

"तू सैल सोडतोस!"

"दोघंही गप्प राहा," रेघोबा म्हणाला, "दोरी हलते."

आणि ते गप्प राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

शेवटी मधलं वर्तुळ. काकू मध्यावर उभ्या, छातीशी दोरी धरून. साडेचार भाग आणि आठ बोटं एवढ्या अंतरावर रेघोबा त्यांच्याभोवती चालला. तो फिरेल तशा त्याही जागच्या जागी वळत होत्या. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. सांधा शोधूनही सापडेना. स्टँडमध्ये लवकर आलेले पन्नासेक लोक उठून उभे राहिले होते. टाळी कोणी वाजवली नाही. ते सुचलंच नाही कोणाला.

तपासनीसांनी चाकाच्या यंत्राने समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही तिरपी अंतरं मोजली. पुन्हा मोजली. "कोणतं मशीन वापरलं?"

काकूंनी दोरी गुंडाळली. "आटपलं ना तुमचं? चादरी टोपलीत आंबतायत."

सामना आम्ही हरलो, तीन-एक. पण क्लब लीगमध्ये राहिला. मालक पुढे बदलले, पुन्हा बदलले. फिल्म मात्र सगळीकडे दाखवली गेली, आणि तिच्यात अनवाणी मालकांना दटावणारा म्हातारा बघून लोकांनी ठरवून टाकलं की, क्लबचा खरा मालक हाच.

क्लबात रेघोबाच्या मालकीचं काहीही नव्हतं. घरी ट्रंकही नव्हती. दोरी बायकोची होती.