पान त्रेचाळीस

"ग्रंथ हे मानवजातीचं धन आहे आणि ते जपणं हे प्रत्येक सुसंस्कृत माणसाचं कर्तव्य आहे," असं सर माझ्या काउंटरवर तर्जनी आपटत म्हणाले. तर्जनी आपटल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. मी तेव्हा रत्नागिरीत नुकतंच डीटीपी सेंटर टाकलं होतं. लग्नपत्रिका आणि बारशाची निमंत्रणं यापलीकडे जपण्याजोगं काही माझ्या दुकानात आलं नव्हतं, त्यामुळे मला भरून आलं. चहा झाल्यावर कळलं, की ज्या ग्रंथाबद्दल ते बोलत होते तो त्यांना मुळीच आवडत नव्हता. पोलीस जसा चाकू पिशवीत घालून सील करून ठेवतात, तसा त्यांना तो जपायचा होता.

सर एका हायस्कुलात विज्ञान शिकवून अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झाले. उंच, किडकिडीत, बारा महिने हातात छत्री. निवृत्त माणसं देवळात जातात, नातवंडं सांभाळतात, बंदरावर फिरायला जातात. सरांनी सूड घ्यायचं ठरवलं. "विसरणं हे आळशी माणसाचं काम," ते म्हणायचे. "मला आता वेळच वेळ आहे."

सुडाचं कारण अख्ख्या गावाला माहीत होतं, फक्त उलट बाजूने. सरांच्या मुख्याध्यापकांनी 'घरगुती अग्निबाण : तंत्र आणि मंत्र' नावाचं पुस्तक लिहिलं होतं. मुलांनी लहान रॉकेटं कशी करावीत, कशी उडवावीत, याचं मराठीतलं बहुधा पहिलंच पुस्तक. मुख्याध्यापक त्याला पुस्तक म्हणू देत नसत. तो ग्रंथ होता. म्हणून सर त्यांना कायम 'ग्रंथकार' म्हणत, आणि म्हणताना ओठ असे मिटत की कुणालाही वाटावं, तोंडात कच्ची कैरी आहे.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ग्रंथाप्रमाणे रॉकेट उडवायचं ठरलं. करायचं सरांनी. त्रेचाळिसाव्या पानावर शेपटाच्या पंखांच्या मापांचं कोष्टक होतं. सरांना पंख लहान वाटले, तसं त्यांनी जाऊन सांगितलं. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, ग्रंथाप्रमाणे करा. आपली अक्कल मध्ये आणू नका."

आपल्याकडे प्रमुख पाहुण्यांना सोफा लागतो. तो शाळेकडे कधीच नसतो. कुणा आंबा बागायतदाराच्या दिवाणखान्यातून हातगाडीवर घालून आणतात आणि कार्यक्रम संपला की परत पोचवतात. तुम्हीही असे सोफे पाहिले असतील. पाहुणे भाषण करायला उठले नि माइकपाशी गेले, तेवढ्यात रॉकेट उडवण्यात आलं. ते माडाच्या उंचीपर्यंत व्यवस्थित गेलं. तिथे काहीतरी घरी विसरल्यासारखं थबकलं, वळलं, आणि मांडवात शिरून थेट सोफ्याखाली गेलं. कुणाला काही झालं नाही. सोफा गेला.

चौकशी झाली. ग्रंथकारांनी लेखी दिलं की ग्रंथातलं एक अक्षरही चुकीचं नाही, सदर शिक्षकाने सूचना पाळल्या नाहीत. सरांच्या सेवापुस्तकात तसा शेरा पडला, पर्यवेक्षकपद गेलं, आणि नाव पडलं 'सोफासर'. रिक्षावाला, पोस्टमन, मच्छी मार्केटातल्या बायका, सगळ्यांच्या तोंडी तेच. "सोफासर, सौंदाळा ताजा हाय," असं कुणी प्रेमाने म्हटलं, की सर मासे न घेता घरी यायचे. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, "त्या रॉकेटने सोफा जाळला, पण जेवण माझं जळतंय ते वेगळंच."

घरी बसून सरांना चूक सापडली होती. ग्रंथकारांनी ते कोष्टक एका अमेरिकन पुस्तकातून उतरवलं होतं. मापं इंचातली होती, वर छापलं होतं सेंटिमीटर. पंख पाहिजे त्याच्या निम्मेही झाले नव्हते. हे सरांनी सांगेपर्यंत शाळेतल्या, वाचनालयातल्या, दुकानातल्या सगळ्या प्रती ग्रंथकारांनी 'सुधारित आवृत्तीसाठी' परत मागवल्या. सरांकडची प्रत तर चौकशीतच जमा झाली होती. सुधारित आवृत्ती आली नाही. ग्रंथ दुर्मीळ झाला तो असा.

पण ग्रंथकार एक गोष्ट विसरले. दरवर्षी पहिल्या आलेल्या मुलाला ते बक्षीस म्हणून स्वतःचाच ग्रंथ देत. सरांनी जुन्या विद्यार्थ्यांची घरं पालथी घातली. कुणाच्या घरी वाळवी, कुणाची रद्दी. शेवटी खाडीकाठच्या एका गावात, कुवेतला नोकरीला असलेल्या मुलाच्या आईने पेटी उघडली. ग्रंथ पेटीत होता. वर शाळेचा शिक्का, आत कसरीने पाडलेली भोकं.

"न्या, पण माझ्या पोराचं बक्षीस हाय ता," ती म्हणाली. "पोरगा ईदला येताय. तवा जागेवर पायजेल." मग सरांकडे नीट बघून म्हणाली, "त्या सोफ्याचे सर ते तुमीच नाय?"

"मीच," सर म्हणाले. हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं असावं. ग्रंथासाठी ते काहीही कबूल करायला तयार होते.

तर असा तो ग्रंथ माझ्या स्कॅनरपाशी आला. मी म्हटलं, "सर, पान त्रेचाळीस काढून देतो, पाच मिनिटांत होईल."

तर्जनी काउंटरवर आली. "एकच पान दाखवलं तर तो म्हणेल, संदर्भ सोडून दाखवलं. पहिल्या पानापासून छापखान्याच्या नावापर्यंत सगळं काढायचं. कव्हरसुद्धा. पाठीमागचा त्याचा फोटोसुद्धा."

ऐन पावसाळा होता. तुम्हाला आपल्याकडचा पावसाळा ठाऊक आहे, मीठ ओलं होतं आणि चपलांना मिशा फुटतात. पानं एकमेकांना चिकटलेली. सरांनी घरचा तांदळाचा पत्र्याचा डबा रिकामा केला, ग्रंथ मलमलीत गुंडाळून आत ठेवला, आणि वरून परत तांदूळ ओतले. तांदूळ ओल ओढून घेतो. दर दोन दिवसांनी डबा उघडायचा, जी पानं सुटली असतील ती सुरीच्या पात्याने अलगद वेगळी करायची, छत्रीखाली माझ्याकडे आणायची, स्कॅन करायची, परत डब्यात. काकूंनी स्वतःसाठी वेगळा तांदूळ आणला. मला म्हणाल्या, "आमच्याकडे आता ग्रंथ आधी जेवतो. मग उरलं तर आम्ही."

स्कॅन झालेलं पान पडद्यावर आलं की खरं काम सुरू. कसरीच्या भोकांच्या सावल्या, बुरशीचे ठिपके, हे सगळं सर माउस धरून एकेक ठिपका पुसत. त्यांनी आयुष्यात माउस धरला नव्हता. पहिले काही दिवस तो टेबलावरून पडायचा. पुढे इतका हात बसला की आकृतीतल्या रेघेला धक्का न लावता शेजारचा डाग उचलायचे. मी म्हणायचो, "सर, राहू द्या की थोडे डाग. जुनं पुस्तक आहे."

"डाग राहिला तर तो म्हणेल, डागामुळे वाचता आलं नाही. त्याला पळायला एक ठिपका ठेवायचा नाही."

मी आजवर एवढ्या मायेने केलेलं काम पाहिलेलं नाही. आई बाळाला न्हाऊ घालते ते यापेक्षा आडदांड असतं.

एक दिवस ते पॅराशूटच्या प्रकरणावर अडले. दोनदा वाचलं. मग खुर्ची मागे ढकलून म्हणाले, "हे मात्र चांगलं लिहिलंय." त्यांचा सगळा दिवस त्याने बिघडला. संध्याकाळी जाताना दारात थांबून म्हणाले, "चोरलेलं असणार." आणि जरा बऱ्या मनाने घरी गेले.

ईदच्या आधी ग्रंथ परत गेला. आईने पानं चाळली, वास घेतला, म्हणाली, "भाताचा वास येताय." पण खूश होती, पानं सुटी झाली होती.

मग इंटरनेट. एका फुकट जागा देणाऱ्या साइटवर आम्ही ग्रंथ चढवायला घेतला. एक पान चढेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. इंटरनेट फोनच्याच तारेवर, त्यामुळे मध्येच कुणाचा फोन आला की जोडणी तुटायची आणि ग्रंथकारांचा फोटो नाकापर्यंतच चढायचा. तसा तो एक रात्रभर राहिला. सरांना ते आवडलं होतं, पण तत्त्वाचा प्रश्न होता, सकाळी पुरा केला. शेवटी खाली एक टीप घातली : 'पृष्ठ ४३ वरील मापे इंचांतील असून सेंटिमीटर असे छापले आहे. ग्रंथ मूळ स्वरूपात ठेवला आहे.'

बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. मग नागपूरच्या एका इंजिनिअरची मेल आली. टीप त्याने वाचली नव्हती, कोष्टक वाचलं होतं. 'पान त्रेचाळीसप्रमाणे केलेलं रॉकेट सरळ जाणं शक्य नाही. लेखकाने स्वतः कधी रॉकेट उडवलं होतं का?'

सरांनी ती मेल उभ्यानेच वाचली. मग बसून वाचली. "प्रिंट काढ," ते म्हणाले. "रंगीत काढ."

"सर, नुसती अक्षरं आहेत. काळीच येणार."

"तरी रंगीत काढ."

तो कागद घडी करून ते खिशात ठेवत. त्यांच्याकडे आता जगाच्या पाठीवर कुठेतरी एक माणूस होता, ज्याने त्यांना सोफासर म्हटलं नसतं.

दरम्यान ग्रंथकारांची एकसष्टी आली. गौरव समिती निमंत्रणपत्रिका छापायला माझ्याकडेच आली आणि माझ्या कॉम्प्युटरवर ग्रंथ पाहून थक्क झाली. सुडाबिडाची त्यांना कल्पना येणं शक्य नव्हतं. इतकं काम कुणी रागाने करतं का? ठरलं, की समारंभात ग्रंथाच्या सीडीचं प्रकाशन करायचं आणि जतन करणाऱ्याचा ग्रंथकारांच्या हस्ते सत्कार करायचा.

मला वाटलं, सर नाही म्हणतील. ते म्हणाले, "सत्काराला उत्तर देतात ना? माइक देतात ना?"

दिला. शाल अंगावर, नारळ हातात, समोर भरलेलं सभागृह. सरांनी माइकच्या दांड्यावर तर्जनी आपटली आणि म्हणाले, "पान त्रेचाळीस. मापं इंचातली आहेत, छापलंय सेंटिमीटर. रॉकेट त्यामुळे वळलं. मी वळवलं नव्हतं." आणि खाली बसले.

टाळ्या पडल्या. लोक हसले, विनोदी बोलतात म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की सरांनी ग्रंथातील बारकाव्यांचा अभ्यासपूर्ण परामर्श घेतला. पण मी पहिल्या रांगेत होतो. टाळ्या वाजवताना ग्रंथकारांचे हात एकदा मध्येच थांबले. सरांनी ते पाहिलं. परत येताना रिक्षात म्हणाले, "थांबले ना रे? तू पाहिलंस ना?" मी पाहिलं म्हणालो. मग घर येईपर्यंत ते शालीची घडी घालत बसले.

ग्रंथकार महिन्याभरात माझ्या सेंटरमध्ये आले. सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेपर वाचत होते. आता त्यांना काही काम नव्हतं, पण यायचे.

"सर, लोकांच्या मेली येतात म्हणे," ग्रंथकार म्हणाले. "माझा पुतण्या सांगत होता. त्या पानावर सेंटिमीटरच्या जागी इंच करून टाका. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांचंसुद्धा नाही," सर म्हणाले.

"मग करा की."

"नाही."

"अहो, चूक ती चूक. मी मान्य करतो."

"कुठे करता? इथे? या दुकानात?" सरांनी पेपर खाली ठेवला. "आपण लेखी दिलं होतं, एक अक्षर चुकीचं नाही. लेखी परत द्या, शाळेच्या कागदावर, शिक्क्यासकट. मग अक्षर बदलतो."

ग्रंथकारांनी माझ्याकडे बघितलं. मी प्रिंटरमध्ये कागद भरायला लागलो, तो भरलेलाच होता. मग ते म्हणाले, "इतक्या वर्षांनी कशाला ते."

"विसरणं हे आळशी माणसाचं काम," सर म्हणाले.

लेखी आलं नाही. अक्षर बदललं नाही. ग्रंथकार पुढे दोनदा माणूस पाठवून गेले, दिवाळीला मिठाईचा पुडा धाडला. सरांनी पुडा मला दिला. चांगली होती.

दोन हजार सहाच्या पावसाळ्याअखेर सर गेले. झोपेत, काही त्रास न होता. काकूंनी सांगितलं, की सदऱ्याच्या खिशात एक कागद निघाला, घड्या पडून फाटलेला, त्यांना वाटलं लाइटबिल असेल. मी तो मागून घेतला.

शाळेत शोकसभा झाली. ग्रंथकार अध्यक्ष. ते सुंदर बोलले. असा शिष्य लाभायला भाग्य लागतं, म्हणाले. गुरूचा शब्द न् शब्द जपणारी पिढी आता संपली, म्हणाले. पुढच्या दोन वक्त्यांनीही सरांना त्यांचा पट्टशिष्य म्हटलं आणि ठरावातही तसंच आलं.

सभा संपल्यावर त्यांनी मला जिन्याखाली बाजूला घेतलं. "आता ते पान करून टाक बाबा," ते हळू आवाजात म्हणाले. "आता कुणाची हरकत नाही."

"नाही जमायचं," मी म्हणालो. "साइटचा पासवर्ड सर घेऊन गेले."

पासवर्ड मला पाठ होता.

ग्रंथकारांनी मान हलवली. डोळे पुसले, ते खरंच ओले होते. "शिष्याने गुरूला एवढं तरी सांगून जावं," ते म्हणाले.

सर त्यांच्यापेक्षा एक वर्षाने मोठे होते.