ज्याची रांग, त्याची करवत

बुरुलकान एजे स्टाफरूममध्ये निवांत बसल्यात असं मी कधी पाहिलं नाही. एजे म्हणजे थोरली बहीण; आमच्याकडे शिक्षिकेलाही तशीच हाक मारतात. चहाचा प्याला हातात घ्यायच्या, दोन घोट प्यायच्या, खिडकीत ठेवायच्या आणि निघायच्या. त्या भूगोल शिकवायच्या, मी गणित. आमची टेबलं शेजारीशेजारी होती. तास नसला की बाकीच्या बाया स्वेटर विणत, नाहीतर सुनांच्या तक्रारी सांगत. या मात्र शाळेमागच्या झाडांत.

ती झाडं म्हणजे कोक-बुलाकच्या शाळेचा इतिहासच. शाळा उभी राहिली तेव्हा या डोंगराच्या कुशीत दगड आणि वारा यांशिवाय काही नव्हतं. पहिला वर्ग शिकून बाहेर पडला त्या वसंतात त्या पोरांनी पाटाकाठी पॉपलरची एक रांग लावली. दुसऱ्या वर्षीच्यांनी तिच्या शेजारी दुसरी. मग तो रिवाजच पडला. मे महिन्यात शेवटची घंटा व्हायची, पोरी केसांना पांढऱ्या फिती बांधून, पोरं नवे सूट घालून रडून घ्यायची आणि त्याच कपड्यांत फावडी उचलून मागं जायची. माणसाची ओळखसुद्धा रांगेवरून असे. लग्न जुळवताना विचारायचे, मुलगा कुठल्या रांगेतला? सैन्यातून सुटून आलेला पोरगा घरी जाऊन आईला भेटे आणि मग झाड बघायला येई. ज्याचं झाड वाकडं वाढलं त्याला म्हातारा होईपर्यंत टोमणे खावे लागत.

बुरुलकान एजे सन एकोणऐंशीच्या रांगेतल्या. शिकून परत इथंच शिक्षिका म्हणून आल्या आणि रांगांची काळजी आपोआप त्यांच्याकडे आली. पाटाचं पाणी वळवणं, मेलेल्या झाडाच्या जागी नवं लावणं, पोरांनी सालीवर नावं कोरली की त्यांचे कान पिळणं, सगळं त्याच करायच्या. सोव्हिएत देश मोडला, कोळसा यायचा बंद झाला, त्या हिवाळ्यांत साऱ्या गावानं रस्त्यावरची झाडं तोडून चुलीत घातली. शाळेमागच्या झाडांना मात्र कुणी हात लावू शकलं नाही. एजे हातात काठी घेऊन रात्री-अपरात्री तिथं फिरत. ही गोष्ट आम्ही नव्या शिक्षकांना अभिमानानं सांगायचो.

मग पाच-सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये मेलिसनं सभा बोलावली. मेलिस आमचा मुख्याध्यापक, एकेकाळचा आमचाच विद्यार्थी. तो म्हणाला, नवी इमारत मंजूर झालीय. तीन मजली, गरम पाण्याच्या नळ्यांची. आम्हाला आनंदच झाला. जुनी शाळा तीनशे पोरांसाठी बांधलेली, शिकत होती नऊशे. भूकंपानं भिंतीला भेग गेलेली, तिच्यात आम्ही चिंध्या कोंबायचो. तिसऱ्या पाळीची लहान पोरं अंधारात, कुत्री हाकलत घरी जायची. मेलिस पुढं म्हणाला, जागा एकच आहे, मागची. एका बाजूला कबरस्तान, एका बाजूला नदी, आणि मैदानाखाली पाणी लागतं.

सगळ्यांनी बुरुलकान एजेंकडे पाहिलं. त्या उभ्या राहिल्या आणि बाहेर पडल्या.

पुढचे दोन महिने बाईच्या पायाला उसंत नव्हती. घरोघर गेल्या. इंजिनियरला दंडाला धरून मैदानावर नेलं, जमीन खणून दाखवायला लावली. त्यानं खणली, खड्ड्यात पाणी साचलं. तरी म्हणाल्या, हे बर्फाचं पाणी आहे, जूनमध्ये आटेल. व्हॅनमध्ये बसून जिल्ह्याच्या गावी गेल्या, साहेबाच्या दाराशी दिवसभर बसल्या, भेट न होता परत आल्या. त्यांच्या नवऱ्यानं, असान बाइकेंनी, मला बाजारात गाठून सांगितलं, "जाझगुल, तुझ्या मैत्रिणीला समजाव. जेवताना उठते, झोपेतून उठते. परवा नान भाजायला टाकला आणि निघून गेली. तंदूरमध्ये कोळसा झाला."

मी काय समजावणार? त्यांना सगळं कळत होतं. तिसऱ्या पाळीला त्याच शिकवत होत्या, आणि अंधारात सर्वांत लांबच्या पोरांना घरापर्यंत सोडायलाही त्याच जायच्या. मेलिसचं खरं आहे हे माहीत होतं, म्हणूनच चैन पडत नव्हतं. तो चुकला असता तर त्या शांतपणे भांडल्या असत्या.

मे महिन्यात मी परीक्षेचे पेपर द्यायला मेलिसच्या खोलीत गेले तर एजे तिथंच. इमारत दोन मजली करा, अर्ध्या रांगा वाचतील, असं काहीतरी चाललं होतं. मेलिस आधी नीट ऐकत होता. मग त्यानं पेन खाली ठेवलं.

"एजे, ब्याण्णव-त्र्याण्णवचा हिवाळा आठवतो? मी पाचवीत होतो."

"आठवतो की."

"वर्गात हातमोजे घालून बसायचो. शाई गोठायची. माझी बहीण नुरझात दुसरीत. शेगडी थंड, आणि खिडकीबाहेर एवढं लाकूड उभं. त्याच्याभोवती तुम्ही काठी घेऊन फिरताय. आम्ही खिडकीतून बघायचो तुम्हाला." त्यानं आवाज चढवला नाही. "नुरझातच्या छातीत थंडी बसली ती गेलीच नाही. शाळा सुटली तिची. आजही जिना चढत नाही. गाव तुमची गोष्ट सांगतं, एजे. आमच्या घरात ती वेगळी सांगतात."

मी पेपर टेबलावर ठेवले. त्या माझ्या आधीच दारातून गेल्या होत्या.

त्या आठवड्यात त्यांनी शिकवताना नकाशा उलटा टांगला आणि तास संपेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही. पोरंही हसली नाहीत. शनिवारी त्या माझ्या घरी आल्या, दारातच म्हणाल्या, "चल. मला एकटीला जाववत नाही."

नुरझात गावाच्या टोकाला राहते, बाजारात विकायला कत्तमा, तेलातल्या पदराच्या पोळ्या, करते. आम्हाला पाहून तिनं कढई उतरवली, दस्तरखान अंथरला, चहा ओतला. दर थोड्या वेळानं ती बोलता बोलता थांबे, श्वास घेई. एजेंनी चहाला हात लावला नाही.

"नुरझात, मेलिस म्हणतो ते खरं का?"

"कशाचं?"

"तुझं दुखणं. माझ्यामुळं."

नुरझातनं एप्रनच्या टोकानं हाताचं पीठ पुसलं. "दुखणं कुणामुळं ते डॉक्टरलाही माहीत नाही, एजे. थंडी सगळ्यांनाच होती. माझ्या वर्गातल्या बाकीच्यांना काही झालं नाही." मग ती म्हणाली, "पण तुमचा राग यायचा हे खरं. झाडांचा नाही. तुम्ही एकदाही वर्गात डोकावून पाहिलं नाही, याचा. सारखं बाहेरच बघायच्या."

एजे म्हणाल्या, "हो. बाहेरच बघत होते." मग उठायला लागल्या. नुरझातनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. "भाकरीचा तुकडा तरी मोडा. शिव्या खाऊन उपाशी जाऊ नका." एजेंनी तुकडा मोडला आणि खाल्ला.

सोमवारी शाळा भरायच्या आधी त्या मेलिसच्या दाराशी उभ्या. म्हणाल्या, "ठेकेदाराचे लोक बोलवू नकोस. आमची झाडं आम्ही तोडू. ज्या वर्गाची रांग, त्या वर्गानं तोडायची."

मेलिसला वाटलं, हा वेळ काढायचा नवा डाव. "आणि कुणी आलंच नाही तर?"

"येतील. नाही आले तर मी आहे."

जून-जुलै पुन्हा पायाला भिंगरी. पण आता फोन, निरोप, कुरणांवर गेलेल्यांसाठी घोडेस्वाराबरोबर सांगावे. मॉस्कोत कामाला गेलेल्यांना व्हिडिओवर दम. ऑगस्टच्या सुरुवातीला मुल्लानं दुआ मागितली, एक मेंढा कापला, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले आणि करवती सुरू झाल्या.

मी रडारडीची तयारी ठेवली होती. झाली ती जत्रा. टक्कल पडलेली माणसं आपापल्या झाडाला मिठ्या मारून फोटो काढत होती. अठ्ठ्याऐंशीच्या रांगेत एकाचं झाड पोकळ निघालं, तर त्याची बायको म्हणाली, "मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं." दोन हजार नऊचा वर्ग जवळपास सगळा मॉस्कोत. त्यांच्यातली बेगायिम एकटी गावात राहिलेली, बेकरीत काम करते. ती दिराची यंत्रकरवत घेऊन आली, मुलाच्या हातात फोन दिला आणि प्रत्येकाला त्याचं झाड पडताना दाखवत एकटीनं अख्खी रांग आडवी केली. फोनमधून कुणीतरी ओरडलं, जरा डावीकडून काप. बेगायिम म्हणाली, "तिकडं रस्ते झाडताय ना, झाडा. इथं मला शिकवू नका."

अडलं ते एकेचाळीसच्या रांगेपाशी. तेव्हा शाळा सातवीपर्यंतच होती. त्या वर्गातली पोरं दोन वर्षांत मोठी झाली, लढाईवर गेली, बहुतेक परतली नाहीत. चार जाड झाडं उभी होती, बुंधे खरबरीत, शेंडे वाळलेले. दरवर्षी विजयदिनाला पोरं तिथं फुलं ठेवायची. करवत घेऊन कुणी पुढं होईना. कुणी म्हणालं, इमारतच थोडी सरकवा. कुणी म्हणालं, इंजिनियर तयार आहे का विचारा. मेलिस एजेंकडे बघायला लागला. एजे त्या चार झाडांभोवती फिरत होत्या, थांबत होत्या, पुन्हा फिरत होत्या.

तेवढ्यात सोनुन अपा आल्या. नव्वदी ओलांडलेली म्हातारी, नातवानं गाडीतून आणलेली. त्यांचा थोरला भाऊ त्या वर्गातला. अपांनी काठीनं एका झाडाला टोचलं.

"हेच माझ्या भावाचं. लावायचं नव्हतं त्याला. घोड्यांच्या शर्यती होत्या त्या दिवशी, तिकडं पळून गेला. मास्तरानं कान धरून आणला, वर बापानं मारलं. खड्डा खणताना एवढ्या शिव्या देत होता! मी रोप धरलं होतं, म्हणून ऐकल्या सगळ्या."

कुणीतरी हसलं. मग बुरुलकान एजे हसल्या. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा, आणि हसता हसता त्यांना तोंडावर रुमाल धरावा लागला.

"मग काय करू, अपा?" त्यांनी विचारलं.

"विचारतेस काय? पॉपलर घराच्या वाशांसाठी लावतात. माझ्या बापानं आमच्यासाठी लावलेले कधीच तोडून झाले. हे उगाच उभे राहिले." आणि नातवाला म्हणाल्या, "मला बसायला काहीतरी दे. मी बघणार आहे."

एजेंनी ती रांग इतर कुणाला तोडू दिली नाही. मेलिस दुसऱ्या टोकाला लागला. दोघांनी मिळून मोठी करवत ओढली, जुन्या पद्धतीची, दोन मुठींची. मध्ये एकदा पातं अडकलं तेव्हा एजे म्हणाल्या, "ओढ रे, वर्गात कसा झोपायचास तसा झोपू नकोस." मेलिस म्हणाला, "थंडीत झोप कुठली यायची, एजे." बोलला आणि ओशाळला. एजेंनी मान हलवली आणि करवत ओढत राहिल्या.

स्वतःचं झाड एजेंनी केव्हा तोडलं ते मला दिसलंच नाही. संध्याकाळी एकोणऐंशीच्या रांगेत नुसती खोडं होती. त्यांच्या वाट्याचे ओंडके नुरझातच्या अंगणात पडलेले मी नंतर पाहिले. ती म्हणाली, टाकून गेल्या, आतसुद्धा आल्या नाहीत.

इमारत ठरल्यापेक्षा फार उशिरा झाली. दोन हिवाळे तिथं नुसता खड्डा होता, आणि गावात लोक कुजबुजायला लागले की झाडंही गेली, शाळाही गेली. ते दोन हिवाळे एजेंनी कसे काढले ते असान बाइकेच जाणोत. मग एकदाची झाली. भिंती उबदार, खिडक्या घट्ट. पोरं कोट काढून बसायला लागली. तिसरी पाळी बंद झाली. एजे त्या इमारतीत एक वर्ष शिकवून निवृत्त झाल्या.

रिवाज मात्र मोडला नाही. पाटापलीकडच्या माळावर नवी रांग लावायची ठरलं. जागा खडकाळ, पाणी बादल्यांनी वाहून न्यावं लागतं. पहिल्या वर्षीची निम्मी रोपं वाळली. लावणारी पोरं तोवर बिश्केकला निघून गेली होती.

गेल्या शरदात मी वरच्या मजल्यावरून पाहिलं, माळावर कुणीतरी बादली घेऊन चाललंय. घाईघाईनं, अर्धं पाणी सांडत. सुट्टीत मी तिकडं गेले. एजेंनी वाळलेल्या रोपांच्या जागी पॉपलरच्या नव्या फांद्या रोवल्या होत्या. मी म्हटलं, आता तरी स्वस्थ बसा, पोरांना सांगू आपण.

"पोरांना सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तीन जण येतात. पण आधी वर्गातलं आवरून या, असं मीच बजावलंय."

"मनाला बरं वाटतंय का आता?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शाळेकडे, मग रिकाम्या बादलीकडे.

"नाही वाटत गं, जाझगुल," त्या म्हणाल्या आणि पाटाकडे चालायला लागल्या.