साळवेकाकांची तोंडपाठ माणसं

साळवेकाकांनी मला पहिल्यांदा विचारलं ते माझं नाव नव्हतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात मी नुकतीच टायपिस्ट म्हणून लागले होते. दुपारच्या सुट्टीत स्टोअरमधले एक उंच, सावळे गृहस्थ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गट कोणता?"

मला वाटलं, युनियनचं काहीतरी असेल. "मी कुठल्याच गटात नाही," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "रक्ताचा गट विचारतोय."

मला माहीत नव्हता. तेव्हा ते म्हणाले, "बावीस वर्षं स्वतःबरोबर राहतेस आणि एवढं ठाऊक नाही?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला तपासणीला नेलं. बी पॉझिटिव्ह. त्यांनी ते कुठे लिहून घेतलं नाही. डोळे मिटून एकदा ओठ हलवले, बस. त्यानंतर माझं नाव विचारलं.

काकांचं असंच होतं. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर मिळून जेवढे रक्तदाते होते ते सगळे त्यांना तोंडपाठ होते. नाव, गट, घर, कोणत्या पाळीला कामावर असतो, शेवटचं रक्त कधी दिलं, कोण सुईला घाबरतो, कुणाची बायको नको म्हणते. एखाद्या नर्सिंग होममधून निरोप आला की काका स्टोअरच्या खिडकीत क्षणभर उभे राहायचे आणि म्हणायचे, "उल्हासनगर कॅम्प तीनमधला वाधवा. सकाळी दुकानात नसतो, त्याच्या भावाच्या घरी बघा." माणूस तिथेच सापडायचा. मीही काकांच्या रक्तदाता मंडळात जाऊ लागले. बुद्धविहाराच्या मागच्या एका खोलीला आम्ही मंडळाचं ऑफिस म्हणत असू. तिथे एक सतरंजी, एक बाक आणि पाण्याचा माठ होता. कागद नव्हता.

हे कशातून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या बायकोला, सुलोचनाबाईंना, बाळंतपणात रक्त लागलं होतं. ए निगेटिव्ह. काका सकाळपासून दुपारपर्यंत वणवण फिरले. मुलगी वाचली, बाई गेल्या. महिन्याभराने कारखान्यात कुठल्याशा तपासणीसाठी सगळ्यांची रक्तं तपासली, तेव्हा कळलं की त्यांच्याच खात्यात ए निगेटिव्हची तीन माणसं आहेत. "रोज माझ्या शेजारी बसून डबा खायची ती," काका म्हणाले. "मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं." हे सांगताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता.

सातआठ वर्षं मंडळ असंच चाललं. मग आजूबाजूचं सगळं हलायला लागलं. एकेक कारखाना बंद पडत गेला आणि आमची निम्मी माणसं कुठे कुठे पांगली. कुणी गावी गेलं, कुणी मुंबईत नोकरी धरून दिवसभर बाहेर राहू लागलं. रक्तपेढ्या नव्या तपासण्या करू लागल्या, दात्याची लेखी माहिती मागू लागल्या. मदत करायला तयार असलेली एक कंपनी म्हणाली, आधी दात्यांची यादी आणि वर्षाचा अहवाल पाठवा. काका चिडले. "यादी डोक्यात आहे माझ्या. डोकं काढून पाठवू का?"

कॅम्प तीनमध्ये जीन्सचा कारखाना असलेले खूबचंदशेठ काकांचे जुने स्नेही. त्यांनी आपल्याकडच्या सगळ्या कारागिरांचे गट तपासून एका वहीत लिहून ठेवले होते. मुलाने नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना त्यांनी आमच्या मंडळाला देऊ केला. "साईं, माणूस थकतो, मशीन नाय थकत," ते म्हणाले. "तुमच्या डोक्यातला माल याच्यात टाका ना."

"मशीनला माणसाचा चेहरा दिसतो का, शेठ?" काकांनी विचारलं आणि विषय संपवला. कॉम्प्युटर प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली दीड वर्ष पडून राहिला.

त्याच सुमारास माझीही नोकरी गेली. कारखान्याला टाळं लागलं. मी बदलापूरजवळच्या कुळगावच्या घरून रोज मंडळात जायचे, पण घरात भावाच्या एकट्याच्या मिळकतीवर पाच माणसं होती. शेवटी मी काकांना म्हटलं, मी दिवसभर इथेच बसते, फोन घेऊ, कागदपत्रं करू, मला थोडा पगार मिळेल अशी सोय करू या. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी रक्त विकायला काढलं होतं. "सेवेचा पगार?" एवढंच म्हणाले. चारपाच माणसं समोर होती. मी उठून निघून आले आणि तीन महिने तिकडे फिरकले नाही.

परत गेले ते एका निरोपामुळे. सकाळी दहाच्या सुमारास काका स्वतः रिक्षाने कुळगावला आमच्या दारात आले. जुन्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही. "मंदा, चल. उल्हासनगरला एक बाळंतीण आहे. ओ निगेटिव्ह. शंकर पाटलाला आणायचंय, तुला त्याचं घर माहीत आहे."

शंकर पाटील म्हणजे आमच्या पलीकडच्या पाड्यावरचा शेतकरी, मंडळाचा जुना दाता. मी चप्पल घालता घालता थांबले. मला वाटलं, त्याच्या मुलाबद्दल बोलत असतील. रिक्षात विचारणार होते, पण काका इतके घाईत आणि इतके ठाम होते की माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही.

घराच्या अंगणात शंकरची बायको जनाबाई भात वाळत घालत होती. काका पुढे झाले. "वहिनी, शंकर कुठंय? लगेच निघायला पाहिजे."

जनाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. तिचं कपाळ मोकळं होतं, हातात बांगडी नव्हती. "काका, असं काय बोलताव?" ती हळूच म्हणाली. "तुमीच त खांदा दिल्ता त्यांना."

मी काकांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आधी तिथे नुसती अधीरता होती. मग ती गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. दोन महिन्यांपूर्वी शंकर साप चावून गेला होता. अंत्ययात्रेत काका पुढे होते. त्यांनी परतताना माझ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून रडून घेतलं होतं, असं भावाने मला सांगितलं होतं. मी अंगणातल्या दगडावर बसले.

"काका, दुसरा कोण आहे?" मी विचारलं. "ओ निगेटिव्ह. दुसरा."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. बराच वेळ हलत राहिले. "येत नाहीये," ते म्हणाले. "मंदा, काहीच येत नाहीये."

तिकडे एक बाई रक्तावाचून पडली होती आणि आमचं सगळं मंडळ त्या मिटलेल्या डोळ्यांच्या आड होतं. आमच्यापाशी एक चिठ्ठी नव्हती. मला खूबचंदशेठची वही आठवली. स्टेशनजवळच्या फोन बूथवरून मी त्यांच्या कारखान्यात फोन लावला. शेठनी पानं उलटल्याचा आवाज मला ऐकू येत होता. "आहे," ते म्हणाले. "कटिंगवाला आहे एक. मशीनवरून उठवून पाठवतो."

कारागीर शेअर रिक्षाने आमच्या आधीच दवाखान्यात पोचला होता. बाई वाचली, मूल वाचलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. तिचा नवरा काकांच्या पाया पडायला वाकला, तेव्हा काका दोन पावलं मागे सरले. "माझ्या नको," ते म्हणाले. "मी आज काही केलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाच्या सगळ्यांना बोलावलं, खूबचंदशेठनाही. मला वाटलं होतं, ते ही गोष्ट लपवतील. मीही कुणाला सांगितलं नव्हतं. सतरंजीवर बसल्या बसल्या त्यांनी सुरुवातच केली, "काल मी मेलेल्या माणसाला बोलवायला गेलो होतो." एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला, "होतं काका, वय झालं."

"वय झालंय म्हणूनच सांगतोय. पुढच्या वेळी वही सापडणार नाही, माणूस मरेल." मग त्यांनी एकेक करून सगळं सांगितलं. उद्यापासून सगळं लिहून काढायचं आणि शेठच्या मशीनमध्ये भरायचं. त्या कंपनीला अहवाल पाठवायचा, मदत घ्यायची. फुकट काम करणाऱ्यांचे दिवस संपले, त्यांनाही पोट आहे. मंदाला महिन्याचा पगार द्यायचा. "आणि ती मागायला आली होती तेव्हा मी जे बोललो, ते तुम्ही ऐकलंत. म्हणून हेही तुमच्यासमोरच सांगतो. चूक माझी होती." शेवटी त्यांनी खोलीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. "यापुढे मी सांगितलं म्हणून काही करायचं नाही. तपासून करायचं."

मी किल्ली उचलली नाही. मला उचलता येईना. शेवटी शेठनी ती माझ्या हातात दिली.

पुढचे तीन आठवडे काका सकाळी येऊन बाकावर बसायचे आणि मी कार्डं लिहायचे. चांगल्या दिवशी माणसं अशी बाहेर यायची की माझा हात दुखून यायचा. "काळे, शिवमंदिराकडे राहतो, बी पॉझिटिव्ह. रक्त बघून चक्कर येते, तोंड भिंतीकडे करून बसवा." "सावंत, ए पॉझिटिव्ह. आईला सांगू नका, ती दारात आडवी पडते." मधूनच ते म्हणायचे, "माझं कच्चं समज हां. प्रत्येकाची खात्री कर." वाईट दिवशी ते एकाच माणसाला तीन घरांत राहायला लावायचे.

एका सकाळी, कुठलाही फरक न करता, ते म्हणाले, "सुलोचना वामन साळवे. ए निगेटिव्ह. घरीच असते, केव्हाही बोलवा."

माझं पेन कार्डावर टेकलेलं होतं. काका पुढच्या नावासाठी डोळे मिटून बसले होते, चेहरा शांत होता. मी ते कार्ड लिहिलं. नाव, गट, पत्ता, सगळं. दुसरं काय करायला हवं होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

खात्री करायला घरोघर जावं लागणार होतं आणि ते काम एकटीचं नव्हतं. त्या वेळी जनाबाई आली. चौथीपर्यंत शिकलेली, कधी एकटी अंबरनाथलाही न आलेली बाई. म्हणाली, "त्यांचं नाव कापताव त माजं लिवा. आन घरं दाखवा, मी जाते विचाराया." तिच्या आधी आमच्याकडे बाई दाता म्हणून मी एकटीच होते. जनाबाई दारात उभी राहिली की घरातल्या बायका बाहेर यायच्या. वर्षभरात आमच्या यादीत कितीतरी बायका आल्या. काकांच्या सांगण्यातली बरीच कार्डं चुकीची निघाली. कुणी गाव सोडलेलं, कुणाचा गटच वेगळा. या आधारावर आम्ही किती वर्षं माणसांचे जीव तोलून धरले होते.

कॉम्प्युटरवर यादी चढली त्या दिवशी काकांनी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसून पाहिलं. मी ओ निगेटिव्ह टाइप केलं. नावं एकाखाली एक आली. ते बराच वेळ वाचत राहिले. "यांना मी ओळखत नाही," ते म्हणाले. त्यांतल्या निम्म्यांना त्यांनीच मंडळात आणलं होतं.

नंतर त्यांची मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. मंडळाला दोन खोल्या झाल्या, पगारावर आणखी एक मुलगी आली. मी मधून मधून पत्र टाकायचे. त्यांचं उत्तर यायचं बंद झालं तेव्हा मी नाशिकला गेले.

काका खिडकीपाशी बसले होते. बरेच बारीक झाले होते. त्यांनी मला ओळखलं नाही, पण बसायला सांगितलं. मुलगी आत चहा ठेवायला गेली. काका थोडे पुढे झुकले आणि एखाद्याला विश्वासात घ्यावं तसं बोलू लागले. "मला एक संस्था काढायचीय," ते म्हणाले. "कुणाला रक्त लागलं तर माणूस मिळवून देणारी. सगळं नीट लिहून ठेवायचं, पहिल्या दिवसापासून. कामाला बाई ठेवायची, तिला पगार द्यायचा. पण मला आता उठवत नाही. रोज वाटतं, आज कुणाला तरी लागलं असेल आणि मी इथे बसलोय."

एवढा सगळा काळ त्यांच्या हातून निसटला होता, आणि काळजी तेवढी पहिल्या दिवसासारखी ताजी होती. ते रोज सकाळी उठून ती वाहत होते.

"तुम्ही कुठून आलात?" त्यांनी विचारलं.

"अंबरनाथहून."

"तिकडे लोक काय करतात? रक्त लागलं तर कुठे जातात?"

"तिकडे आहे अशी संस्था," मी म्हटलं. "एका गृहस्थांनी काढली. बरीच वर्षं झाली."

"चालते नीट?"

"चालते. त्यांच्या मागेही चालते."

काकांनी माझा चेहरा नीट निरखून पाहिला, मी खरं बोलतेय का ते बघत असल्यासारखा. मग त्यांचे खांदे सावकाश खाली आले आणि ते पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकून बसले.

"मग बरं झालं," ते म्हणाले. "म्हणजे मला नको काढायला."