फुग्याची रिकामी वाटी

कारखान्याच्या कँटीनमध्ये बत्तीस वर्षं पोटभर वाढत आलेल्या माणसाला कोणी "नखाएवढं वाढा" असं सांगितलं, तर त्यानं करावं तरी काय? वाढपीकाकांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मजकूर तोच होता.

कागद त्यांच्या दहा वर्षांच्या नातीनं लिहिला होता. ती आईवडिलांबरोबर आठ दिवस गावाला चालली होती आणि तिचा हॅमस्टर, फुग्या, काकांकडे राहणार होता. जीव मूठभर, पण सूचना पानभर. भाजी धुऊन, कोरडी करून, दिवसाआड, नखाएवढी. सफरचंदाच्या बिया काढायच्या. कांदा, लसूण, संत्रं, लिंबू अजिबात नाही. उरलेलं दोन-तीन तासांत उचलायचं. तिची आई शेजारच्या बाईंकडे ठेवू म्हणत होती, पण नात अडून बसली, "आजोबांकडेच." तेव्हापासून काका हवेत होते.

पहिल्या दिवशी त्यांनी कागदाबरहुकूम काकडीचा तुकडा ठेवला. पाच मिनिटांत वाटी रिकामी! आता रिकामं भांडं बघून हात आखडता घेणं काकांच्या रक्तातच नव्हतं. कँटीनमध्ये ताटाचा तळ दिसला की त्यांची पळी आपोआप खाली यायची.

"उपाशी आहे बिचारा," म्हणत त्यांनी अख्खी चकती ठेवली. तीही गेली. मग गाजर, ब्रोकोली, सफरचंद. बिया आठवणीनं काढलेल्या, कारण काका हट्टी होते, बेफिकीर नव्हते.

"खा रे राजा, लाजू नकोस!"

चार दिवस दोघांचं छान जमलं होतं. निदान एकाला तरी तसं वाटत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी फुग्या कोपऱ्यात अंग आकसून बसलेला दिसला. शेपटीकडची लव ओली, डोळे अर्धवट मिटलेले. वाटीतल्या गाजराला तोंड लावलेलं नव्हतं. पिंजरा छातीशी धरून काकांनी प्राण्यांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी फुग्याला तपासलं आणि मग त्याच्या झोपायच्या जागेतले कागदाचे कपटे चिमट्यानं बाजूला केले. खाली काकडीच्या बुळबुळीत चकत्या, काळं पडलेलं सफरचंद आणि बुरशी आलेली ब्रोकोली.

"म्हणजे हे यानं खाल्लंच नव्हतं?" काकांना खरं वाटेना.

"थोडं खाल्लं, बाकीचं साठवलं. हे गालात भरून नेतात, आजोबा. वाटी रिकामी झाली म्हणजे भूक आहे असं नसतं. एवढी पाणीदार भाजी याला झेपत नाही, त्यात सडकं पोटात गेलं. वेळेवर आणलंत म्हणून बरं."

बाईंनी औषधाचे थेंब दिले. बरा होईपर्यंत फक्त कोरडं खाणं आणि पाणी द्यायचं, रोज त्याच्या जागेत डोकावायचं, असं बजावलं. पुढचे तीन दिवस काका ड्रॉपर हातात घेऊन त्या मूठभर जिवाची मनधरणी करत होते. आठव्या दिवशी फुग्यानं दोन पायांवर उभं राहून हवा हुंगली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

आता गप्प बसले असते तरी कोणाला कळलं नसतं. पण नात पुन्हा कधी "आजोबांकडेच" म्हणाली, तर ते आपल्याला पचायचं नाही, हे काकांना ठाऊक होतं. ती दारात आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं.

"तुझा कागद मी पाळला नाही, बाळा. भरमसाट वाढलं. तो मरता मरता वाचला."

नात पिंजऱ्यापाशी बसली. फुग्याला तळहातावर घेऊन तिनं त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. ती रडेल, चिडेल, काहीही करेल, अशी काकांची तयारी होती.

"आजोबा," वर न बघता ती म्हणाली, "तुमच्याकडे जेवताना मीपण असंच करते."

"कसं?"

"तुम्ही वाढलेलं रुमालात घेते. घरी जाऊन टाकते."

काकांचा चेहरा उतरला.

"अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"मी सांगायचे की. दर वेळी 'पुरे' म्हणायचे."